दुभाषी : दोघांमधला तिसरा

६ जून १६७४ चा रायगड आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या पुस्तकात, घरातल्या कॅलेंडरवर, सिनेमात तो आपण अनेकदा पाहिला आहे. सिंहासनावर शिवाजी महाराज, डोक्यावर छत्र, दुतर्फा प्रधान मंडळी आणि समोर अदबीने झुकलेला इंग्रज वकील. हा वकील म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून पाठवलेला हेन्री ऑक्झेंडेन. चित्रात तो हमखास असतो. पण त्याच्याबरोबर आलेला आणखी एक माणूस चित्रकार बहुतेक वेळा विसरतात. त्याचे नाव नारायण शेणवी. तो कंपनीचा दुभाषी होता.

त्या दिवसाची हकिगत ऑक्झेंडेनने लिहून ठेवली आहे. दरबारात गर्दी प्रचंड होती. इंग्रज मंडळी लांबूनच मुजरा करत होती. अशा वेळी महाराजांना नजर करण्यासाठी आणलेली हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने हात उंचावून वर धरली. महाराजांचे लक्ष तिकडे गेले, त्यांनी पाहुण्यांना पार सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतले आणि मानाची वस्त्रे दिली. तोंडातून एक शब्दही न काढता दुभाष्याने आपले काम केले. दरबारात कोणी कुठे उभे राहायचे, कुणाच्या नजरेत कसे यायचे, मान कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा, हे ऑक्झेंडेनला कुठल्या पुस्तकात मिळणार होते?

खरे तर नारायण शेणव्याचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. इंग्रजांना व्यापाराची सवलत हवी होती, राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई हवी होती. निराजीपंतांबरोबर बोलणी करण्यासाठी हा गृहस्थ वकिलाच्या आधीच रायगडावर जाऊन आला होता. एका कलमावर गाडे अडले. वादळात फुटून किनाऱ्याला लागलेले जहाज आणि त्यावरचा माल मूळ मालकाला परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती. कोकणचा रिवाज मात्र याच्या अगदी उलट. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकले ते किनाऱ्याच्या धन्याचे! इंग्रजांना यात चोरी दिसत होती आणि इकडच्या लोकांना इंग्रजांच्या मागणीत आगाऊपणा. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे रास्तच वाटत होते. अशा जागी नुसता शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. समोरच्याला ते रास्त का वाटते, हेही सांगावे लागते.

याच वकिलातीबद्दल जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने एक गमतीची गोष्ट नोंदवली आहे. गडावर मुक्काम असताना इंग्रजांना रोज मांस लागे. त्यांना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहायला आला. एरवी वर्षानुवर्षे खपत नाही तेवढे मांस महिन्याभरात फस्त करणारी ही माणसे आहेत तरी कोण, हे त्याला बघायचे होते! संस्कृतींची भेट म्हणतात ती ही अशीही होते.

पाँडिचेरीची रोजनिशी

‘दुभाषी’ हा शब्द साधा आहे. दोन भाषा जाणणारा तो दुभाषी. याच शब्दाचे इंग्रजांनी ‘डुबाश’ केले आणि मद्रास, पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर तो एक मोठा हुद्दाच होऊन बसला. कारण नुकत्याच बोटीतून उतरलेल्या साहेबाला घर हवे, नोकर हवे, कापड विकत घ्यायचे, नवाबाकडे अर्ज करायचा, कर्ज काढायचे, आणि यातले काहीही डुबाशाशिवाय होत नसे.

या सगळ्यांत नाव राहिले ते आनंदरंग पिळ्ळै यांचे. जन्म १७०९ चा. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचे ते मुख्य दुभाषी. स्वतः मोठे व्यापारी. दक्षिणेत फ्रेंच की इंग्रज, असा सामना रंगला होता तेव्हा फ्रेंचांच्या बाजूच्या सर्व खलबतांत हा माणूस मधोमध उभा होता. आणि आपले नशीब असे, की त्यांना लिहिण्याची सवय होती. १७३६ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. कोणते जहाज आले, गव्हर्नरसाहेबांचा पारा आज का चढला, कुणी लाच घेतली, कुठल्या मुहूर्तावर काय केले, सगळे त्यात आहे. पुढे १९०४ ते १९२८ या काळात तिचे इंग्रजी भाषांतर बारा खंडांत निघाले. दक्षिण भारतातल्या त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही रोजनिशी टाळून पुढे जाता येत नाही.

ती वाचताना जाणवते ती दुभाष्याची कोंडी. गव्हर्नराला वाटे, हा आपल्या लोकांना सांभाळून घेतो. गावकऱ्यांना वाटे, हा साहेबाचा माणूस. त्यात भर म्हणजे डुप्लेची बायको. ती पाँडिचेरीतच जन्मलेली, तिला तमिळ येत असे. म्हणजे गव्हर्नराच्या घरातच दुसरी दुभाषी! दोघांचे कधी पटले नाही, यात नवल ते काय? साहेबाच्या कानापर्यंत जाणारा रस्ता एकच असेल तर त्या रस्त्यावरच्या नाक्याला किंमत असते, आणि ती पिळ्ळैंना पुरेपूर ठाऊक होती. डुप्ले १७५४ मध्ये परत गेला आणि पुढे पिळ्ळैंचेही पद गेले. १७६१ च्या जानेवारीत, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली त्याच महिन्यात, त्यांचा मृत्यू झाला. पाँडिचेरीत त्यांचा वाडा आहे आणि त्यांच्या नावाचा रस्ताही.

दुभाष्याच्या हातात एवढी सत्ता आली की तिचा गैरवापरही आलाच. मद्रासमध्ये ‘डुबाश’ हा शब्द पुढे पुढे शिवीसारखा वापरला जाऊ लागला. १७९२ मध्ये अवधानम् पापय्या या डुबाशावर कटाचा खटला चालला आणि तो दोषी ठरला. तो इतका गाजला, की सर वॉल्टर स्कॉटने आपल्या एका कथेतल्या कपटी डुबाशाला पापय्या हेच नाव दिले. मला मात्र यात साहेबांचीही थोडी लबाडी दिसते. वर्षानुवर्षे या देशात राहून इथली भाषा शिकायची नाही, आणि मग सगळे पाप दुभाष्याच्या माथी मारायचे!

एका शब्दापायी लढाई

भाषांतरातली चूक ही परीक्षेत दोन गुण कापण्यापुरती असते, असा आपला समज असतो. पण कधी कधी त्या चुकीची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते.

न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी येथे इंग्रज आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात करार झाला. मसुदा इंग्रजीत होता. हेन्री विल्यम्स हा मिशनरी आणि त्याचा मुलगा, दोघांनी रातोरात बसून त्याचे माओरी भाषांतर केले. इंग्रजी मसुदा सांगत होता, की माओरी सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देत आहेत. भाषांतरात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आला. ‘गव्हर्नर’वरून घडवलेला हा शब्द, त्याचा अर्थ फार तर कारभार पाहणे. आणि पुढच्याच कलमात, जमिनीवर, गावांवर आणि आपल्या ठेव्यावर सरदारांचा अधिकार पूर्ण राहील, असे माओरी शब्दांत ठणठणीत लिहिलेले! पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक सर्वांनी माओरी मसुद्यावर केल्या. त्यांना वाटले, आपण एक कारभारी ठेवून घेतला. राणीला वाटले, देश मिळाला. या दोन मसुद्यांमधल्या फटीत किती जमीन गेली त्याचा हिशेब करण्यासाठी न्यूझीलंडला १९७५ मध्ये खास न्यायाधिकरण स्थापन करावे लागले.

इथिओपियाची गोष्ट याहून झणझणीत. १८८९ मध्ये सम्राट मेनेलिक दुसरा याने इटलीशी वुचाले येथे तह केला. सतराव्या कलमात अम्हारिक भाषेत होते, की परदेशांशी व्यवहार करताना सम्राटाला वाटल्यास इटलीची मदत घेता येईल. इटालियन प्रतीत होते, की तो व्यवहार इटलीमार्फतच करावा लागेल. ‘घेता येईल’ आणि ‘घ्यावी लागेल’, एवढाच काय तो फरक! पण या फरकावर इटलीने इथिओपिया आपल्या छत्राखाली आल्याचे युरोपभर जाहीर करून टाकले. सम्राटाने तह झुगारला. १ मार्च १८९६ रोजी अडोवाच्या लढाईत इथिओपियाच्या सैन्याने इटलीचा दणदणीत पराभव केला. ही चूक होती की मुद्दाम केलेली चलाखी, यावर इतिहासकार आजही भांडतात.

काही चुकांवर नुसते हसे होऊन भागते. १९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर पोलंडला गेले. तुमच्या आकांक्षा जाणून घ्यायला आलो आहे, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले. दुभाष्याने पोलिश भाषेत जो शब्द वापरला त्यात कामवासनेची छटा होती. मी अमेरिकेहून निघालो, याचे त्याने मी अमेरिका कायमची सोडली, असे केले. पाहुणचाराला आलेल्या मंडळींची काय अवस्था झाली असेल, विचार करा.

शेवटच्या ‘नाही’ची वाट पाहताना

पूर्वी दुभाषी वक्त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबे, मग भाषांतर सांगे. वक्ता बोलत असतानाच कानाला यंत्र लावून त्याच वेळी दुसऱ्या भाषेत बोलायचे, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली ती न्यूरेंबर्ग खटल्यात. २० नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरचा हा खटला सुरू झाला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कामकाज. एकामागून एक भाषांतर करत बसले असते तर खटला कित्येक पटींनी लांबला असता. म्हणून काचेमागे दुभाष्यांच्या तुकड्या बसवल्या. वक्ता फार वेगाने बोलू लागला की दुभाष्यांच्या बाजूने पिवळा दिवा लागे, म्हणजे हळू बोला. लाल दिवा लागला की थांबा!

जर्मन भाषेने त्या दुभाष्यांचा जीव मेटाकुटीला आणला. कारण जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येते. इंग्रजीला मात्र ते सुरुवातीलाच हवे असते. दुभाष्याने करायचे काय? क्रियापदाची वाट पाहत थांबावे तर पुढचे वाक्य सुरू होते. अंदाजाने बोलावे तर आरोपीच्या तोंडी भलतेच विधान जायचे.

ही अडचण मराठीतही आहे, किंबहुना जरा जास्तच. आपले क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही नंतर. ‘मी त्या दिवशी त्या घरातून ते पैसे घेतले’ इथपर्यंत वाक्य ऐकले तर माणूस कबुली देतो आहे असे वाटते. पुढे ‘नाहीत’ आला की तोच निर्दोष! हिंदीत ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे दुभाष्याला क्षणभर आधी चाहूल लागते. मराठीत शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास रोखून बसावे लागते. एकाच वेळी ऐकायचे, समजून घ्यायचे, बोलायचे आणि बोलताना पुढचे ऐकायचे. म्हणूनच या कामात वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलतात.

आपल्या लोकसभेत ७ सप्टेंबर १९६४ रोजी अशी सोय प्रथम सुरू झाली, तीही हिंदी आणि इंग्रजीपुरती. घटनेच्या १२० व्या कलमाप्रमाणे संसदेचे कामकाज या दोन भाषांत चालते. या दोन्ही भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नसेल, त्या सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. पुढे मराठी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा एकेक भाषेची सोय होत गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संस्कृत आणि उर्दू यांची भर पडल्याचे लोकसभा अध्यक्षांनी जाहीर केले. दूरदर्शनवर अधिवेशन पाहताना सदस्य कानाला जे यंत्र लावून बसलेले दिसतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या खोलीत असा कुणीतरी बसलेला असतो. सभागृहात आरडाओरडा सुरू झाला, चार जण एकदम बोलू लागले, की त्या बिचाऱ्याने कुणाचे ऐकायचे?

दस्त, खून आणि जुलाब

संसद लांब राहिली. तुम्ही-आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथे शेजारी तेलुगू, वर गुजराती, खाली बंगाली. इंदूर, बडोदा, हैदराबादेतल्या मराठी घरांना तर दोन-तीन भाषांत वावरणे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले. आणि तरी फसगत होतेच. कारण परकी भाषा जितकी फसवत नाही, तितकी जवळची भाषा फसवते. शब्द ओळखीचा दिसतो आणि अर्थ मात्र भलताच निघतो.

बंगाली सासूने सुनेला ‘चेष्टा’ कर म्हटले तर ती प्रयत्न कर म्हणते आहे. मराठी सुनेला वाटते, मी कुणाची टिंगल करू? हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीतली कोर्टात. उर्दू-हिंदी कागदपत्रांतला ‘राजीनामा’ म्हणजे समेट, आपल्याकडे नोकरी सोडल्याची चिठ्ठी. तमिळ आणि तेलुगूत ‘कल्याणम्’ म्हणजे लग्न. ‘अवकाश’ शब्दाची तर प्रांताप्रांतात वेगळी तऱ्हा आहे. हिंदीत सुट्टी, तेलुगू-कन्नडमध्ये संधी, मल्याळममध्ये हक्क, आणि आपल्याकडे नुसती रिकामी जागा!

हे ऐकताना मौज वाटते, पण इस्पितळात हीच मौज जिवावर बेतू शकते. हिंदीभाषक रुग्ण ‘दस्त’ लागले म्हणतो, मराठीत दस्त म्हणजे नोंदणी कचेरीतला कागद. मराठी बाई ‘जुलाब’ होतात म्हणते, हिंदीत जुलाब हे पोट साफ करण्याचे औषध. उत्तरेकडच्या बाईने ‘खून’ गेला म्हटले तर तिचे रक्त जाते आहे, कुणाचा मुडदा पडलेला नाही. आणि दुखण्याचे काय? कळ, ठणका, चमक, उसण, रग, आग, टोचणी हे सात शब्द मराठी आजीच्या तोंडी सहज येतात आणि प्रत्येकाचा रोख वेगळा असतो. भाषांतर करणाऱ्या नातवाने या सगळ्यांचे एकच ‘पेन’ करून टाकले, की डॉक्टरांच्या हातातला निम्मा पुरावा गेलाच.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९८० साली घडलेली घटना वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगितली जाते. क्युबातून आलेल्या कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आला. घरच्यांनी तो ‘इन्तोक्सिकादो’ झाला असे सांगितले. क्युबन स्पॅनिशमध्ये याचा अर्थ खाण्यातून बाधा झाली, एवढाच. ऐकणाऱ्यांना तो इंग्रजीतल्या ओळखीच्या शब्दासारखा वाटला आणि मुलाने नशेचे औषध जास्त घेतले, असे धरून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. नंतरच्या तडजोडीत त्याच्या आयुष्यभराच्या देखभालीसाठी सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर ठरले. तिथे दुभाषी कुणी बोलावलाच नव्हता. कारण दोन्ही बाजूंना वाटत होते, की आपल्याला एकमेकांचे कळले आहे.

आपल्याकडे इस्पितळात हे काम बहुधा मुलांवर येते. कामासाठी मुंबई, पुणे, सुरत गाठलेल्या कुटुंबात दहा-बारा वर्षांच्या मुलीलाच इथली भाषा चांगली येत असते. मग आईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना तिने सांगायच्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेले गंभीर निदान आईला तिनेच सांगायचे. घाबरून किंवा लाजून ती मधले चार शब्द गाळते. तिचा दोष नाही. पण शक्य असेल तिथे मुलाऐवजी एखादी नर्स, शेजारीण, जाणती बाई सोबत न्यावी. वाक्ये लहान ठेवावीत. दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघून बोलावे. आणि शेवटी रुग्णालाच विचारावे, की तुम्हाला काय कळले ते सांगा पाहू. गोळी किती वाजता घ्यायची एवढे जरी बरोबर आले तरी पुष्कळ झाले.

हेमलकशाचे धडे

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. औषधे होती, डॉक्टर होते, पण रुग्ण येईनात. तिथल्या माडिया गोंडांची भाषा द्राविडी कुळातली. महाराष्ट्रातच राहणाऱ्या या लोकांना मराठी परकी आणि मराठी डॉक्टरांना त्यांची माडिया परकी. डॉक्टर दांपत्याने ती भाषा शिकायला घेतली. पण भाषेइतकाच परका होता तो पेहराव. अंगभर कपड्यांतला माणूस दिसला की लोक बिचकत. प्रकाश आमटे बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले ते तेव्हापासून. मग हळूहळू लोक येऊ लागले.

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्राममध्ये दवाखान्याला मा दंतेश्वरी हे देवीचे नाव आहे आणि त्याची रचना आदिवासी गावासारखी आहे. लोकांना मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, हे त्यांनीच सांगितले आणि डॉक्टरांनी ते ऐकले. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा तर मराठीच्या आणि गोंडीच्याही कुळातली नाही. तिचे नाते संथाळी, मुंडारीशी. एकाच राज्यात तीन वेगवेगळी भाषाकुळे, आणि आपण सरकारी पत्रक मराठीत छापले की काम झाले असे समजतो!

कायदा काय म्हणतो

दवाखान्यात निदान डॉक्टर कळवळ्याने विचारतो तरी. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात भाषा न कळणाऱ्या माणसाची अवस्था त्याहून वाईट. कायद्याने त्याची काळजी घेतली आहे. फौजदारी खटल्यातला साक्षीपुरावा आरोपीला न समजणाऱ्या भाषेत असेल, तर तो त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगावा लागतो. साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या बाबतीत महाराष्ट्रातलाच एक खटला महत्त्वाचा ठरला. प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केले होते. कारणे दिली ती इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारण्यात आले. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे आणि सरकारी भाषा इंग्रजी आहे, असे सरकारचे म्हणणे. १९६२ मध्ये ‘हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. कारणे कळवणे म्हणजे नुसता कागद हातात देणे नव्हे, त्याला आपली बाजू मांडता येईल इतपत ती त्याच्या भाषेत समजली पाहिजेत, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याची सुटका झाली. एका भाषांतराअभावी सरकार हरले!

‘येतो’ म्हणून जाणे

ग्रंथांच्या भाषांतराचे काम याहून संथ, पण नातेसंबंध तेच. साने गुरुजी १९३० च्या सुमारास त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे दक्षिणेतल्या सत्याग्रहींच्या सहवासात आपल्याला शेजारच्या भाषा येत नाहीत याची त्यांना रुखरुख लागली. पुढे त्यांनी ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले आणि आंतरभारतीची कल्पना मांडली. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, आणि शरदबाबूंच्या नायिका मराठी घराघरांत आपल्याच वाटू लागल्या.

कन्नड-मराठीच्या बाबतीत तर हा पूल एकाच घरात उभा राहिला. पुण्यातले विरूपाक्ष आणि उमा कुलकर्णी हे दांपत्य. सुरुवातीला उमाताईंना कन्नड लिपी वाचता येत नव्हती. विरूपाक्षांनी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचे, असा क्रम ठरला. स्वतः विरूपाक्षांनी मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या मराठी भाषांतराला साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला. भैरप्पा आणि कारंत मराठी वाचकाला मराठी लेखकांइतके जवळचे वाटतात, याचे मोठे श्रेय त्या टेपरेकॉर्डरला आहे.

शब्दकोशात न सापडणाऱ्या गोष्टी अशा भाषांतरात सांभाळाव्या लागतात. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बंगाली माणूसही ‘आशी’, म्हणजे येतो, असेच म्हणतो आणि तमिळ माणूस जाऊन येतो म्हणतो. तिथे भाषांतरकाराला कष्ट नाहीत, कारण भाषा वेगळ्या असल्या तरी उंबऱ्यावरची भीती एकच आहे. इंग्रजीत मात्र ‘येतो’चे ‘येतो’ केले तर यजमान दार उघडे ठेवून वाट पाहत बसेल. उलट इंग्रजीतल्या एका ‘यू’चे मराठीत तू, तुम्ही की आपण करायचे, हे ठरवताना बोलणाऱ्यांचे वय, नाते, रागलोभ सगळे पाहावे लागते. आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणणाऱ्या घरातली अदब इंग्रजी वाचकाला सांगणार कशी?

आता मोबाइलवर भाषांतर मिळते. सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, आणि २०२३ च्या डिसेंबरात काशी तमिळ संगममध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण त्याच्या मदतीने तिथल्या तिथे तमिळमध्ये ऐकवले गेले. रिक्षाचे भाडे ठरवायला, स्टेशनचा रस्ता विचारायला हे यंत्र झकास. पण इस्पितळात आणि कोर्टात चूक झाली तर जबाबदार कोण, याचे उत्तर यंत्राला देता येत नाही. नारायण शेणव्याला नावाने हाक मारता येत होती.

आणि काही भाषांना तर आवाजच नसतो. २२ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात दूरदृश्य पद्धतीने कामकाज चालू होते. बाजू मांडणाऱ्या तरुण वकील महिलेला ऐकू येत नाही. तिच्यासोबत भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी होता. पडद्यावर तोही दिसावा, याला नियंत्रण कक्षाकडून आधी नकार आला. प्रश्न सरन्यायाधीशांच्या पीठापुढे गेला आणि त्यांनी परवानगी दिली. मग कोर्टात उच्चारलेला शब्द न्‌ शब्द दुभाष्याच्या हातांतून तिच्यापर्यंत पोहोचू लागला. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने तिच्यासाठी स्वतःच्या वतीने दुभाषी नेमला.